बँकॉकमधली जपानी वसाहत: बदलीवर आलेल्यांच्या गल्ल्या कशा वाचायच्या

बँकॉकच्या सहलीचे व्हिडिओ बघताना एक जागा हमखास गोंधळात टाकते. शहर थायलंडचं, पण गल्लीतल्या निम्म्या पाट्या जपानी. दारावर जपानी कापडी पडदे, आत जपानी शेल्फं, बाहेर जपानी भाषेतली फुकट साप्ताहिकं. वर मथळा असतो ‘लिटल टोकियो’. दुसरीकडे २०२४ मध्ये वेगळ्याच बातम्या आल्या. सुझुकीने थायलंडमधला कारखाना २०२५ अखेर बंद करायचं ठरवलं, सुबारूने २०२४ संपताना तिथली जुळणी थांबवली, होंडाने अयुथयातलं गाड्यांचं उत्पादन प्राचीनबुरीच्या कारखान्यात हलवायला घेतलं.

या दोन गोष्टी एकाच धाग्याची दोन टोकं आहेत. ती गल्ली त्या कारखान्यांमुळे तयार झाली. हा धागा हाती आला की गल्लीतलं प्रत्येक दुकान तिथे का आहे ते कळायला लागतं.

## नकाशावर कुठे

बँकॉकच्या मध्यातून आग्नेयेकडे जाणारा सुखुमवित हा लांबलचक रस्ता. त्याला दोन्ही बाजूंनी गल्ल्या फुटतात. गल्लीला थाईमध्ये ‘सॉय’ म्हणतात. शहरातून बाहेर जाताना डाव्या हाताला विषम आकड्यांचे सॉय आणि उजव्या हाताला सम. मात्र दोन्ही बाजूंचे आकडे एकमेकांसमोर येत नाहीत. ५५ नंबरच्या सॉयसमोर ५४ किंवा ५६ नाही, ३८च्या आसपासचे सॉय आहेत. पत्ता शोधताना नवा माणूस सगळ्यात जास्त इथेच चुकतो. आकड्यात तिरकी रेघ असेल, जसं ३३/१, तर तो ३३ नंतर मध्येच काढलेला सॉय समजायचा.

जपानी वसाहत म्हणजे साधारण बीटीएस या उन्नत रेल्वेच्या असोक, फ्रॉम फाँग, थाँग लॉ आणि एक्कमाय या चार स्टेशनांभोवतीचा पट्टा. (फाँग म्हणताना मराठी ‘फळ’मधला फ उच्चारायचा, इंग्रजी एफ नाही. टॅक्सीवाल्याला लगेच कळतं.) त्यातही फ्रॉम फाँगचे ३३/१ आणि ३९ हे सॉय, समितीवेज रुग्णालयाचा ४९ नंबरचा सॉय आणि ५५ नंबरचा, म्हणजेच थाँग लॉ, हा गाभा. इथे कमान नाही, फाटक नाही, ‘जपानी वसाहत सुरू’ अशी पाटीही नाही. पाट्यांची लिपी हळूहळू बदलत जाते, तेवढीच खूण.

## ३३/१: एका आखूड गल्लीत काय काय असतं

फ्रॉम फाँग स्टेशनला उतरायचं, एमक्वार्टियर मॉलच्या बाजूने असोककडे तोंड करून चालायचं. पाचेक मिनिटांत उजव्या हाताला ३३/१ लागतो. दोन गाड्या एकमेकींना सांभाळून जातील एवढीच रुंदी. यायला सकाळी साडेदहा-अकराची वेळ बरी, ऊन चढायच्या आत गल्ली बघून होते आणि जेवणाची वेळही गाठता येते.

इथला मुख्य खांब म्हणजे फुजी सुपरमार्केट. मंदिरासारखी मान वर करून बघण्यासारखी ही जागा नाही, किराणा दुकानच आहे, पण अर्धा तास देऊन नीट बघावं. तांदळाच्या शेल्फसमोर उभं राहा. एकाच जातीच्या आखूड, चिकट तांदळाचे दोन प्रकार शेजारी शेजारी असतात. एक जपानहून आलेला, दुसरा थायलंडच्या उत्तरेला चिआंग राय भागात पिकवलेला. धान्य जवळपास सारखं, किमतीत मोठा फरक. कंपनी खर्च उचलते तो कुठला घेतो आणि स्वतःच्या पगारातून घर चालवणारा कुठला घेतो, हे निराळं सांगायला नको. पुढे थंड कपाटात नात्तो, म्हणजे आंबवलेले, तार सुटणारे सोयाबीन, थर्मोकोलच्या छोट्या डब्या एकावर एक बांधून ठेवलेले. मग मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट, लोणची, पातळ कापलेलं मांस, आणि तयार जेवणाचे डबे. संध्याकाळ झाली की डब्यांवर सवलतीचे स्टिकर चढायला लागतात. कामावरून एकटे परतणारे लोक बरोबर त्याच वेळी येतात.

दुकानाच्या बाहेर पडून आता आजूबाजूच्या पाट्या बघा. छोटी खानपानगृहं, बेकरी, केस कापायचं दुकान, मसाज, आणि घरं भाड्याने मिळवून देणाऱ्या दलालांच्या जपानी पाट्या. थोडं पुढे ३९च्या बाजूला मुलांच्या खासगी शिकवण्या. देऊळ नाही, स्मशान नाही, म्हाताऱ्या माणसांसाठी काही नाही. जुन्या घराण्याची पेढी म्हणावी असंही काही नाही. सगळी किल्ली या उणिवांतच आहे.

## ही स्थलांतरितांची वस्ती नव्हे, बदलीवाल्यांची आहे

बँकॉकमध्ये याओवारात हे चायनाटाउन आहे. तिथले चिनी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहिले, लग्नं झाली, दुकानं वारशाने गेली, माणसं तिथेच म्हातारी झाली. सुखुमवितच्या जपान्यांचं तसं नाही. यातले बहुसंख्य लोक कंपनीने तीन ते पाच वर्षांसाठी पाठवलेले. जपानीत अशा माणसाला ‘चूझाइ-इन’ म्हणतात. आपण त्याला सरळ ‘बदलीवाला’ म्हणू, कारण आपल्याकडे हा प्रकार चांगलाच ओळखीचा आहे. रेल्वे कॉलनी किंवा बँकेचे क्वार्टर्स डोळ्यांसमोर आणा. माणसं बदलतात, घरं तीच राहतात. कुणी घर विकत घेत नाही. शाळा, दवाखाना आणि वाणी जवळ हवेत एवढंच पाहिलं जातं. ऑर्डर निघाली की सामान बांधायचं.

एकेकाळी थायलंडमध्ये स्थायिक झालेले जपानीही होते. सतराव्या शतकात अयुथया ही राजधानी असताना नदीकाठी ‘बान यीपुन’, म्हणजे जपानी वाडी होती. व्यापारी, मालक गमावलेले सामुराई, छळाला कंटाळून देश सोडलेले ख्रिस्ती असे लोक तिथे राहत. यामादा नागामासा नावाचा त्यांचा पुढारी सयामी दरबारात मोठ्या पदापर्यंत पोहोचला. जपानने देशाची दारं बंद केल्यावर नवी माणसं यायची थांबली आणि ती वाडी हळूहळू स्थानिक समाजात विरघळून गेली. आजच्या वसाहतीला मात्र विरघळायला वेळच मिळत नाही. दर चार वर्षांनी ती नव्या माणसांनी पुन्हा भरते.

## येन महागला आणि कारखाने निघाले

एवढे बदलीवाले बँकॉकलाच का आले? टोयोटाचा इथला कारभार १९६२ पासूनचा, पण लोंढा आला तो १९८५ नंतर. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात अमेरिका, जपान, पश्चिम जर्मनी, फ्रान्स आणि ब्रिटन यांच्यात करार झाला. डॉलर स्वस्त करायचा असं ठरलं. आधी एका डॉलरला २४० च्या आसपास येन मिळत, दीड-दोन वर्षांत ते १५० च्या घरात आले.

याचा अर्थ हिशेबाने बघू. जपानमध्ये बारा लाख येनला बनणारी गाडी घ्या. डॉलर २४० येनचा असताना ती अमेरिकेत ५,००० डॉलरला पडायची. डॉलर १५० येनचा झाला तेव्हा तीच गाडी ८,००० डॉलरला. कारखान्यात कुणी काही बिघडवलं नाही, कामगारांनी पगार वाढवून मागितला नाही, तरी माल महाग झाला. मग उपाय एकच, माल येनमध्ये बनवायचाच नाही. जपानी उद्योगांनी उत्पादन आग्नेय आशियात हलवायला सुरुवात केली. थायलंड सरकारने करसवलती देऊ केल्या, थायलंडच्या आखाताच्या पूर्व किनाऱ्यावर औद्योगिक पट्टा उभा केला, १९९१ मध्ये लाएम चबांग हे खोल पाण्याचं बंदर सुरू केलं.

गाडीचा कारखाना कधी एकटा येत नाही. मोठ्या लग्नात आचारी आपली माणसं, आपली भांडी घेऊनच येतो, तसंच हे. सीट बनवणारे, वायरिंगवाले, गिअरचे सुटे भाग ओतणारे, त्यांना साचे पुरवणारे, मग बँक, विमा, मालवाहतूक. आज थायलंडमध्ये जपानी कंपन्या सहा हजारांच्या आसपास आहेत. प्रत्येकीचे दोन-चार बदलीवाले धरले तरी हिशेब लागतो.

## घर कुठे घ्यायचं, हे शाळेची बस ठरवते

कारखाने शहराबाहेर, मग माणसं सुखुमवितला का राहतात? कारण कुटुंब. बँकॉकची जपानी शाळा १९५६ पासूनची, थाई-जपानी असोसिएशनच्या नावाने चालणारी, आणि जगातल्या सर्वांत मोठ्या जपानी शाळांपैकी एक. तिचा अभ्यासक्रम जपानच्या शिक्षण मंत्रालयाला मान्य असल्यामुळे मूल मायदेशी परतलं की थेट पुढच्या इयत्तेत बसतं. बदलीवाल्याला याहून मोठी सोय नाही. शाळा सुखुमवितच्या उत्तरेला आहे आणि मुलांची ने-आण बसने होते. बँकॉकचा ट्रॅफिक ज्याने पाहिलाय त्याला बसमध्ये जाणाऱ्या वीस मिनिटांची किंमत कळेल. जिथून बस सोयीची, तिथे घर. जिथे घरं, तिथे वाणी आणि डॉक्टर. ४९ नंबरच्या सॉयमधल्या रुग्णालयात जपानी दुभाषे असतात, त्यालाही हेच कारण.

आणखी एक गोष्ट सहज लक्षात येत नाही. ही शाळा नववीपर्यंतच, कारण जपानमधलं सक्तीचं शिक्षण तेवढंच. पुढे हायस्कूलला प्रवेश परीक्षा. ३९च्या आसपास शिकवणीवर्गांच्या पाट्या का, ते इथे कळतं. मूल चौदा-पंधरा वर्षांचं झालं की पुष्कळ घरांत आई आणि मुलं जपानला परततात, वडील एकटे मागे राहतात. सवलतीचा डबा उचलणाऱ्यांत हे वडील पुष्कळ असतात.

घरांची रचनाही बदलीच्या हिशेबाची आहे. या भागात थाई कुटुंबांच्या मालकीच्या अख्ख्या इमारती जपान्यांना भाड्याने दिलेल्या असतात. बाथटब, जपानी टीव्ही वाहिन्या, आठवड्यातून ठरावीक दिवस साफसफाई, दारात शाळेची बस. एकेकट्या मालकाच्या फ्लॅटपेक्षा कंपन्यांना अशी इमारत बरी वाटते. कारण भाडं कंपनी भरते तेव्हा ५ टक्के कर कापून सरकारकडे जमा करावा लागतो आणि पक्की बिलं लागतात. सुटा फ्लॅटमालक या भानगडीत पडायला तयार नसतो. करारात साधारण दोन महिन्यांचं डिपॉझिट असतं. कंपनी बघून घेते ती अट वेगळीच: माणसाची मुदतीआधी बदली झाली तर डिपॉझिट परत मिळालं पाहिजे. दलालाच्या नजरेतून ही अट सुटली तर पुढे भांडण ठरलेलं.

जपानचं आर्थिक आणि शालेय वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये वसाहतीत सामानाचे ट्रक, निरोपाची जेवणं आणि वापरलेल्या वस्तूंची विक्री यांचा हंगाम असतो. जपानी भांडी, सायकली, पुस्तकं स्वस्तात हवी असतील तर याच दिवसांत जावं.

## “म्हणजे सगळे श्रीमंत जपानी?”

नाही. एकाच गल्लीत दोन थर आहेत. बदलीवाल्याला घर, बहुधा ड्रायव्हरसह गाडी आणि मुलांची फी कंपनी देते. पुष्कळ कंपन्या अपघाताच्या भीतीने जपानी कर्मचाऱ्याला स्वतः गाडी चालवू देत नाहीत. दुसरा थर स्वतःहून येऊन थायलंडमध्येच नोकरी धरलेल्यांचा. त्यांना बाटमध्ये स्थानिक पगार मिळतो आणि या सोयी बहुतेक नसतात. परदेशी माणसाला नोकरीचा व्हिसा वाढवून देताना थाई इमिग्रेशन देशानुसार किमान पगार बघतं. जपान्यांसाठी तो महिना ५०,००० बाट. शिवाय सर्वसाधारण नियमाने कंपनीला प्रत्येक परदेशी माणसामागे २० लाख बाटचं भांडवल आणि चार थाई कर्मचारी दाखवावे लागतात. ही माणसं राहतात ऑन नुत स्टेशनच्या पुढे, जिथे रेल्वे तीच पण भाडं निम्म्यावर येतं. सुखुमवितला ती जेवायला येतात, राहायला नाही.

बदलीवाल्याच्या बायकोची अडचण तिसरी. वर्क परमिटशिवाय तिला नोकरी करता येत नाही. जपानमध्ये कमावती असलेली बाई इथे येऊन चार वर्षं बसून राहते. वसाहतीत फळं कोरण्याचे, बेंजारोंग भांडी रंगवण्याचे, पाककलेचे वर्ग एवढे का चालतात त्यामागे हा रिकामा केलेला वेळ आहे.

## “हे लोक स्थानिकांत मिसळत का नाहीत?”

आक्षेप जुना आहे आणि त्याला इतिहास आहे. दाइमारू हे जपानी डिपार्टमेंट स्टोअर १९६४ मध्ये बँकॉकला आलं तेव्हा थंडगार हवा आणि सरकता जिना बघायला लोक जात. पण जपानी मालाचा पूर वाढत गेला आणि नोव्हेंबर १९७२ मध्ये थाई विद्यार्थ्यांनी जपानी वस्तूंवर बहिष्काराची हाक दिली. जानेवारी १९७४ मध्ये जपानचे पंतप्रधान तानाका काकुएइ बँकॉकला आले तेव्हा रस्त्यावर निदर्शनं झाली. आपल्यापुरतं राहणारे, आपल्यापुरतं कमावणारे अशी प्रतिमा तेव्हाची.

वस्तुस्थिती इतकी एकरंगी नाही. गिरणगावातल्या खानावळी आठवा. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार आपल्या गावच्या बाईच्या हातचं जेवत, गावाच्या खोलीत दहाजणांत झोपत. त्यांना मुंबईचा तिटकारा होता असं कुणी म्हणणार नाही. दिवसभर परक्या ठिकाणी राबल्यावर रात्रीचं जेवण तरी ओळखीचं असावं, एवढीच इच्छा. सुखुमवितचं इझाकाया, म्हणजे जेवण आणि दारू दोन्ही मिळणारं साधं खानपानगृह, हीच गरज भागवतं. फरक एवढाच की गिरणगावात माणूस तीस वर्षं राहिला आणि मुंबईकर झाला. चार वर्षांची मुदत असलेला थाई भाषा कुठवर शिकणार? दोष द्यायचाच तर मुदतीला द्यावा.

खरोखर बंद दारं एकाच प्रकारची आहेत. सीलोम भागातल्या तानिया रस्त्यावर जपानी पुरुषांसाठीचे बार आहेत, त्यांतले काही फक्त ओळखीच्यांना किंवा जपान्यांनाच घेतात. तिथे हुज्जत घालू नये. तानियाला गोल्फच्या सामानाची दुकानं मात्र सगळ्यांसाठी उघडी असतात. सुखुमवितच्या खानपानगृहांत कुणालाही जाता येतं.

## आत बसल्यावर

दुपारचं जेवण सगळ्यात फायद्याचं. साडेअकरा ते दोन या वेळात ‘तेइशोकु’ मिळतं: भात, मिसोचं सूप, लोणचं आणि एक मुख्य पदार्थ, सगळं एका ताटात. साधारण २०० ते ४०० बाट. २०२५ मध्ये बाट साधारण अडीच-पावणेतीन रुपयांचा होता. हेच पदार्थ रात्री सुटे मागवले तर दुप्पट बिल होतं. दोननंतर पुष्कळ ठिकाणी चूल बंद, ती पाचच्या पुढे पेटते. तीन वाजता भुकेलं पोहोचणं ही इथली नेहमीची चूक.

मेनूवर किमतीपुढे अधिकची दोन चिन्हं दिसली तर थांबा. त्याचा अर्थ आधी १० टक्के सेवा शुल्क, मग त्या बेरजेवर ७ टक्के व्हॅट. म्हणजे १७ नव्हे, १७.७ टक्के. ३०० चं ताट ३५३.१० बाटला पडतं.

बसताच ओला रुमाल येतो, तो हातांसाठी. रात्री काही ठिकाणी न मागवता एक चिमुकली वाटी समोर ठेवतात. तिला ‘ओतोशी’ म्हणतात. ती फुकट नसते, बिलात लागते. फसवणूक समजू नये, बसण्याचा आकार समजावा. भिंतीवर गळ्यात नावाच्या चकत्या घातलेल्या बाटल्या दिसतील. गिऱ्हाईक अख्खी बाटली विकत घेतं, दुकान ती ठरावीक महिने सांभाळतं, पुढच्या वेळी फक्त बर्फ आणि पाण्याचे पैसे. बदली झाली की मागे राहिलेली बाटली कुणा सहकाऱ्याच्या नावावर चढते.

वाढणाऱ्याला बोलवायला ‘सुमिमासेन’, बिल मागायला थाईमधलं ‘चेक बिन’. भातात चॉपस्टिक उभ्या खोचू नका. जपानमध्ये मृताला भात असा ठेवतात.

## शाकाहारी माणसाने काय करावं

ही अडचण खरी आहे आणि ‘व्हेज आहे का?’ या प्रश्नाने ती सुटत नाही. जपानी स्वयंपाकाचा पाया ‘दाशि’ हा रस्सा. तो समुद्री शेवाळ आणि बोनिटो माशाचा सुकवून, धुरी देऊन केलेला कीस यांच्यापासून निघतो. वरणातला हिंग जसा दिसत नाही पण असतो, तसा दाशि. वाढणाऱ्याच्या मते ज्यात मांसाचा तुकडा नाही ते व्हेज, त्यामुळे तो प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणतो. म्हणून प्रश्न असा विचारावा: ‘यात दाशि आहे का?’

मिसोच्या सुपात तो जवळजवळ नेहमी असतो. सोबा, उदोन या शेवयांच्या रश्श्यात आणि थंड सोबाच्या बुडवणीतही. आगेदाशी तोफू नावाने भुलवतं, पण रस्सा तोच. थंड तोफूवर माशाचा कीस भुरभुरवलेला असतो, तो नको म्हणून आधीच सांगावं आणि साधा सोया सॉस मागावा. इनारी सुशीची तोफूची गोड पिशवी बहुधा दाशित शिजवलेली असते. भाज्यांच्या तेंपुराच्या पिठात अंडं असू शकतं, तळणीचं तेल कोळंबी तळलेलंच आणि बुडवणीत दाशि. चालत असेल तर निदान बुडवणीऐवजी मीठ घ्यावं. जपानी करीची वडी बघून आपल्या लोकांना हायसं वाटतं, पण त्या वडीत बरेचदा गोमांसाची किंवा डुकराची चरबी असते. नात्तोच्या डबीतल्या सॉसच्या पुडीतही माशाचा अर्क सापडतो.

मग उरतं काय? काकडीची सुशी, म्हणजे कप्पा माकी. मीठ घातलेल्या सोयाबीनच्या शेंगा, एदामामे. साधा भात आणि सोया सॉस लावून भाजलेला भाताचा गोळा. एका वेळेला पोट भरेल एवढं जमतं. पूर्ण शुद्ध जेवण हवं असेल तर लाल अक्षरांचा पिवळा झेंडा लावलेलं थाई दुकान शोधावं. त्यावरच्या शब्दाचा उच्चार ‘जे’. त्या जेवणात मांस, मासे, अंडी, दूध तर नसतंच, कांदा-लसूणही नसतो. जैन वाचकांनी हा झेंडा लक्षात ठेवावा.

## “पुण्यात एवढ्या जपानी कंपन्या, मग तिथे असं का नाही?”

पुण्यात जपानी शिकवण्याची परंपरा मोठी आहे, सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. मुंबई-कोबे जहाजमार्ग तर १८९३ पासूनचा, जमशेटजी टाटा आणि निप्पोन युसेन काइशा यांनी सुरू केलेला. नातं जुनं असूनही गल्ली का झाली नाही?

उत्तर संख्येत आहे. अख्ख्या भारतात नोंदणीकृत जपानी रहिवासी आठ-नऊ हजारांच्या आसपास, तेही गुरुग्राम, बंगळुरू, चेन्नई, मुंबई, पुणे असे विखुरलेले. थायलंडमध्ये ते सत्तर हजारांच्या आसपास आणि त्यांतले बहुसंख्य एकट्या बँकॉकमध्ये. रोज ताजा तोफू आणि मासे विकणाऱ्या वाण्याला हाकेच्या अंतरावर शेकडो घरं लागतात, नाहीतर माल सडतो. तेवढी घरं झाली की वाणी येतो, वाणी आला की आणखी घरं येतात. दह्याला विरजण पुरेसं लागतं तसं. थायलंडमध्ये हे दुसऱ्यांदा घडलं. लाएम चबांगजवळच्या श्री राचा गावात कारखान्यांचे लोक राहू लागले, २००९ मध्ये जपानी शाळेची शाखा निघाली आणि गाव दुसरी वसाहत होऊन बसलं.

## जपानी कमी होताहेत, मग गल्ली उठेल का?

थायलंडमधले नोंदणीकृत जपानी २०२१ मध्ये ८२ हजारांच्या वर होते, २०२३ मध्ये ७२ हजारांच्या आसपास आले. दोन कारणं ठळक आहेत. पहिलं, चिनी विजेच्या गाड्या. बीवायडीने जुलै २०२४ मध्ये रायाँगला कारखाना सुरू केला आणि जपानी गाड्यांची वर्षानुवर्षांची मक्तेदारी हलली. कारखाना आखडला की बदल्या आखडतात. दुसरं, स्वस्त झालेला येन, म्हणजे १९८५ च्या बरोबर उलटं. २०१२ मध्ये १०० येनला ३८ च्या आसपास बाट मिळत, २०२४ च्या मध्यावर २३. महिना ६०,००० बाट भाड्याचं घर २०१२ मध्ये टोकियोच्या मुख्यालयाला सुमारे १ लाख ५८ हजार येनला पडत होतं, २०२४ मध्ये २ लाख ६१ हजारांना. घरमालकाने एक पैसा वाढवलेला नाही. कंपनी मग कुटुंबाऐवजी एकट्या तरुणाला पाठवते, किंवा थाई व्यवस्थापकालाच वर चढवते.

तरीही जपानी खाद्यगृहं २०२४ पर्यंत वाढत गेली. जपान सरकारच्या जेट्रो या व्यापार संस्थेच्या मोजणीप्रमाणे २०२४ मध्ये थायलंडभर ती सहा हजारांच्या जवळ पोहोचली होती. खाणारे थाई आहेत. जपानला पर्यटक म्हणून जाऊन आलेली, तिथली चव ओळखणारी ही पिढी.

दुकानांच्या उघड-झाकीत हा बदल सरळ दिसतो. बदलीवाल्या कुटुंबांचं आवडतं जपानी स्टोअर इसेतान ऑगस्ट २०२० मध्ये बंद झालं, जानेवारी २०२१ मध्ये तोक्यू हे दुसरं जपानी स्टोअरही गेलं. त्याआधी, फेब्रुवारी २०१९ मध्ये थाँग लॉ आणि एक्कमायच्या मधल्या गल्लीत दोंकी हा जपानी मॉल उघडला होता. थाँग लॉ सॉय सुमारे अडीच किलोमीटर लांब आहे, उन्हात चालण्यापेक्षा तोंडाशी उभ्या असलेल्या नारिंगी जाकिटातल्या मोटारसायकल-टॅक्सीवाल्याला ‘दोंकी’ म्हणावं. थांब्यावर बहुधा दरांचा फलक असतो, बसण्याआधी बघून घ्यावा. आत भाजलेल्या रताळ्याच्या भट्टीसमोर रांग लागते. रांगेत थाई कॉलेजची पोरं असतात, आणि मधेच कुठेतरी गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवलेला एखादा बदलीवाला.